सत्त्याण्णवावा ठोका

सोमवार, २ मार्च

आत्या,

तुला कमी ऐकू येतं म्हणून फोन नाही, पत्र. हे आपलं ठरलेलंच आहे. पण या वेळी विषय आवाजाचाच आहे, त्याला मी काय करू?

तुला माहीतच आहे, रोपवेच्या वरच्या स्टेशनात मी सकाळची पाळी करते. सात ते बारा. माझ्यानंतर एक ते पाच जांभई असतो. त्याचं खरं नाव मीही विसरलेय. मशीनरूममध्ये एक टेबल, एक काउंटर, ब्रेकचा लाल दांडा आणि हाताशी खिडकी. खिडकीतून खालपर्यंत सगळे पाळणे दिसतात. मोठं चाक बरोबर एका मिनिटाला एक फेरी घेतं आणि काउंटर एक आकडा पुढे जातो. आठवड्याचे सातही दिवस हेच.

पंधरा दिवसांपासून गिअरबॉक्समधून ठोका येतोय. आधी मला वाटलं कानाचा भास. मग जांभईही म्हणाला, "हो, आहे काहीतरी." मधूनच एखादा ठोका इतका मोठा येतो की खिडकीची काच थरथरते. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मोटरचा रबरी पट्टा घसरतो, त्याचा आवाज आहे. त्याला ना ताल ना तंत्र. तुम्ही चहा घ्या."

आत्या, माझी भिंगरी रोज याच रोपवेच्या पाळण्यातून शाळेला खाली जाते. नऊ वर्षांची आहे, खिडकीला नाक लावून बसते आणि मला हात करते. तो पाळणा दरीपार होईपर्यंत मी खिडकी सोडत नाही. पूर्वी असं नव्हतं.

म्हणून मी एक केलं. एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत काउंटर किती आकडे पुढे जातो ते लिहून काढलं. आमच्या तक्त्यात सात रकाने असतात, तसंच उतरवते:

९, १०, १०, ९, १०, १०, १०
९, १०, १०, ९, १०, १०, १०
९, १०, १०, ९, १०, १०, १०

पुढेही असंच आहे, पण कागद संपला. तू जन्मभर आकडे शिकवलेस. याला ताल आहे की नाही, एवढंच सांग.

तुझी, पूर्वीसारखीच भित्री


शुक्रवार, ६ मार्च

भित्रे,

भित्री म्हणवतेस आणि साहेब चहा घ्या म्हणाले तरी चहा न घेता मोजत बसलीस. शाबास.

आता शाळेतलं आठव. संख्या दोन जातीच्या. एक परिमेय, म्हणजे पूर्णांकाला पूर्णांकाने भागून मिळणारी. तिचा दशांश एकतर संपतो, नाहीतर तेच अंक पुन्हा पुन्हा येतात. एकाला सातने भाग: शून्य दशांश एक चार दोन आठ पाच सात, आणि पुन्हा एक चार दोन आठ पाच सात, मरेपर्यंत. दुसरी अपरिमेय. दोनचं वर्गमूळ घे. त्याचे अंक संपतही नाहीत आणि फिरून त्याच वाटेवर येतही नाहीत.

हे तुझ्या यंत्राला कसं लागू? दात असलेलं चाक पूर्णांकच जाणतं. साडेतेवीस दातांचं चाक नसतं. म्हणून दातांमुळे येणारा ठोका कधी ना कधी स्वतःची यादी पुन्हा म्हणणारच. घसरणाऱ्या पट्ट्याला दात नाहीत. तो पुन्हा तेच म्हणेल असं कोणी सांगावं?

आणि तुझी यादी पुन्हा तेच म्हणते. सात आकडे, तीनदा, हुबेहूब. सात ठोक्यांना अडुसष्ट फेऱ्या. म्हणजे हा पट्टा नाही, दात आहे, आणि सातच्या पाढ्यातल्या एखाद्या चाकाचा आहे. पस्तीस असेल, बेचाळीस असेल. जा, साहेबांना सांग. सगळ्यांसमोर सांग म्हणजे ऐकतील. गिअरबॉक्स उघडेपर्यंत गप्प बसू नकोस.

भिंगरीला माझा गालगुच्चा.

आत्या


बुधवार, ११ मार्च

आत्या,

सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं. माझं जे हसं झालं ते तुला काय लिहू!

साहेबांनी अर्धा तास रोपवे बंद ठेवला. खाली माणसांची रांग. झाकण उघडलं, टॉर्च मारला, हाताने चाक फिरवून दाखवलं. सगळे दात जागच्या जागी. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बाईंचं म्हणणं आहे सातच्या पाढ्यातलं चाक. लिहून घ्या बाई. मोटरकडचं धाकटं चाक तेवीस दातांचं, मधलं एक्केचाळीस, मोठं सत्त्याण्णव. यातलं कोणतं सातच्या पाढ्यात येतं?" जांभईसुद्धा हसला. जांभई, आत्या! जो कशालाच हसत नाही.

आणि खरं सांगते, चूक माझीही आहे. "पुढेही असंच आहे" हे मी न बघता लिहिलं होतं. तक्त्याची चौथी ओळ नंतर पाहिली. नऊ, दहा, दहा, दहा, नऊ, दहा, दहा. पाचव्या ओळीचा तर मेळच नाही. तुझे सात आकडे तिथेच मोडले.

आता मला लेखी ताकीद मिळाली आहे. "पुन्हा विनाकारण सेवा बंद पाडल्यास कामावरून कमी करण्यात येईल." मी सही केली. तीही सगळ्यांसमोर करायला लावली.

ठोका येतोच आहे. मी आता त्याच्याबद्दल कोणाशी बोलत नाही. तूही यात आणखी डोकं घालू नकोस. मला भीती कमी करून हवी होती, तू वाढवून दिलीस.


शनिवार, १४ मार्च

पोरी,

माझी चूक. पदर पसरून माफी मागते. तुझ्यापेक्षा जास्त माझी चूक, कारण मी तीस वर्षं दरवर्षी पोरांना फळ्यावर एक संख्या लिहून दाखवायची: दोन दशांश सात, एक आठ दोन आठ, एक आठ दोन आठ. मागच्या बाकावरून हमखास कोणीतरी ओरडायचं, "बाई, आवर्ती आहे!" मग मी पुढचे अंक लिहायची: चार पाच नऊ शून्य. कसली आवर्ती न् काय! ती संख्या अपरिमेय आहे. दोनदा दिसलं म्हणजे सिद्ध झालं नाही, हे घसा कोरडा करून सांगणारी मी, तीन ओळी पाहून भाळले. या वेळी मागच्या बाकावर मीच होते.

पण रागावलीस तरी पुढचं वाच. तुझ्या साहेबांनी टिंगल करता करता आपल्याला हवं तेच दिलंय. तेवीस, एक्केचाळीस, सत्त्याण्णव.

समज, धाकट्या चाकाचा एक दात कमजोर आहे आणि मधल्याचाही एक. ते दोघे समोरासमोर कधी येतील? तेवीस गुणिले एक्केचाळीस, म्हणजे नऊशे त्रेचाळीस दात सरकल्यावर. तोच तुझा ठोका. मोठं चाक तेवढ्यात किती फिरतं? नऊशे त्रेचाळीस भागिले सत्त्याण्णव. मी कॅल्क्युलेटरवर भागलं: ९.७२१६४९४. कुठे काही पुन्हा आलं नाही. कॅल्क्युलेटरवर थांबले असते तर मीही साहेबांसारखी म्हणाले असते, ना ताल ना तंत्र. पण कॅल्क्युलेटरला आठच अंक दिसतात म्हणून संख्येचं काही अडत नाही.

मग कागदावर भागत बसले. दर पायरीला काहीतरी बाकी उरते. सत्तर, एकवीस, सोळा, त्रेसष्ट. सत्त्याण्णवने भागताना बाकी शहाण्णवपेक्षा मोठी होऊच शकत नाही, म्हणून कधीतरी जुनी बाकी पुन्हा यावीच लागते, आणि ती आली की पुढचं सगळं जुनंच. इथे शहाण्णव अंकांनंतर आली. चार पानं लागली. तुझ्या चाकांचंही तेच. तिन्ही चाकं पुन्हा पहिल्या जागी येतात ती नऊशे त्रेचाळीस फेऱ्यांनी, म्हणजे सत्त्याण्णव ठोक्यांनी.

तुमच्या एका दिवसात फेऱ्या होतात पाचशे चाळीस. कळलं का काय होतंय? तू सकाळी कोरा तक्ता घेऊन एकपासून मोजतेस. जांभई दुपारी पुन्हा कोरा तक्ता घेतो. यंत्र मात्र जिथे थांबलं तिथूनच पुढे चालतं. यादी पूर्ण व्हायच्या आत तुम्ही दोघे ती फाडून टाकता, आणि मग म्हणता ताल नाही.

तक्ते जोडून मोज. माझं बरोबर असेल तर सत्त्याण्णव ठोक्यांत दहा हा आकडा सत्तर वेळा येईल आणि नऊ सत्तावीस वेळा. त्यानंतर यादी पहिल्यापासून सुरू होईल. आणि तो काच थरथरवणारा मोठा ठोका? मोठ्या चाकाचीही एखादी जागा कमजोर असेल, तर तो सत्त्याण्णवात एकदाच येईल. तो केव्हा येतो ते घड्याळ बघून लिही.

माझं चुकलेलं निघालं तर मला आनंदच होईल. झाकण उघडून काही दिसलं नाही यावर जाऊ नकोस. भार नसताना तडा मिटलेला असतो.

आत्या


शुक्रवार, २० मार्च

आत्या,

कोणाला सांगितलं नाही. फक्त जांभईला म्हटलं, दुपारी एकपासून नको, माझ्या आकड्याच्या पुढे मोज. त्याने विचारलंही नाही का. मला वाटलं आळशीपणा. पण तक्ता परत देताना हळूच म्हणाला, "मलाही झोप लागत नाही हल्ली." जांभई असं म्हणतो म्हणजे बघ.

मंगळवारी सकाळी बरोबर दहाला मोठा ठोका आला, तिथून मोजायला घेतलं. गुरुवारी सकाळी सात त्रेचाळीसला पुन्हा मोठा. मध्ये सत्त्याण्णव. दहा सत्तर वेळा. नऊ सत्तावीस वेळा.

मी तीनदा मोजले. सत्तर आणि सत्तावीस.

तिथून पुन्हा यादी लावली. आज दुपारी तीन सव्वीसला जांभईच्या पाळीत मोठा ठोका. पुन्हा सत्त्याण्णव. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि बोट लावून लावून खाली आले. एकही आकडा वेगळा नाही. तुझं बरोबर निघालं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

कालचा सात त्रेचाळीसचा ठोका आजवरचा सगळ्यात मोठा होता. टेबलावरचा पेला सरकला. मी खिडकीतून बघत होते. शाळेची पोरं सात वीस ते सात चाळीसमध्ये खाली जातात, तेव्हा सगळे पाळणे गच्च असतात. ठोका आला तेव्हा भिंगरी नुकतीच खाली उतरून दप्तर सावरत होती. तीन मिनिटांचा फरक, आत्या.

साहेबांकडे जायचं धाडस होत नाही. ती सही केलेली ताकीद त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलीय, आल्या गेल्याला दिसेल अशी. तू सांग काय करू.


सोमवार, २३ मार्च

पोरी,

तुझं पत्र आता अकराला मिळालं. चहाही घेतला नाही, आधी हिशोब मांडला. तू स्वतः करून ताडून बघ.

शुक्रवारी तीन सव्वीसनंतर नऊशे त्रेचाळीस फेऱ्या: रविवार, दुपारी एक नऊ. हा येऊन गेलाही असेल. मग मंगळवार, सकाळी नऊ बावन्न. मग गुरुवार, सकाळी सात पस्तीस.

चार मोठे ठोके म्हणजे सात दिवसांना आठ मिनिटं कमी. म्हणून दर गुरुवारी तो आठ मिनिटं अलीकडे येतो. बारा तारखेला सात एक्कावन्नला आला असणार, एकोणीसला सात त्रेचाळीस. आजवर तो पोरं उतरल्यावर येत होता. या गुरुवारी पोरं दरीवर असताना येईल. सगळे पाळणे भरलेले असताना, सगळा भार त्या दातांवर असताना.

त्याच गुरुवारी तुटेल असं गणित सांगत नाही. गणित एवढंच सांगतं की मोठा ठोका केव्हा येणार. पण मला भीती वाटतेय, आणि मी उगाच भिणारी बाई नाही हे तू जाणतेस.

हे पत्र तुला गुरुवारीच मिळेल, तेही कदाचित दुपारी. म्हणून शेजारच्या शिंपीणबाईंना घेऊन फोनच्या दुकानात गेले. त्यांनी तुमच्या स्टेशनला फोन लावला. साहेबांनी घेतला. "गुरुवारी सकाळी सात ते आठ रोपवे बंद ठेवा, हा निरोप आमच्या भाचीला द्या," असं मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. शिंपीणबाई म्हणतात, साहेब "हो हो, देतो" म्हणाले. हसत होते का, विचारलं. त्या म्हणाल्या, "जरा हसले."

पोरी, निरोप मिळाला नाही तरी आकडे तुझ्याकडे आहेत. भागाकार तुलाही येतो.

आत्या


रविवार, २९ मार्च

आत्या,

तुझं पत्र गुरुवारी चार वाजता मिळालं. निरोप मिळालाच नाही. साहेब आता म्हणतात, कामाच्या गडबडीत राहून गेला.

तू वर्तमानपत्रात वाचलं असशीलच, तरी सांगते. गुरुवारी सात पस्तीसला धाकट्या चाकाचा दात तुटला आणि मधल्याचे तीन गेले. आवाज झाला तो ठोक्याचा नव्हता, लोखंड फाटल्याचा होता. भरलेल्या पाळण्यांच्या भाराने सगळी दोरी सुटली, पाळणे खाली घसरायला लागले. मी ब्रेकचा दांडा ओढला. अकरा मीटर जाऊन सगळं थांबलं. पाळणे झोके खात राहिले. पोरांच्या किंकाळ्या वरपर्यंत ऐकू येत होत्या. शेवटचं पोर उतरवायला दोन वाजले.

कोणी गेलं नाही. ढमीचा हात मोडला. ही भिंगरीच्या बाकावरची मैत्रीण, झोक्यात दारावर आपटली.

सगळे म्हणतात मी देवासारखी धावले. तपासनीस म्हणाला, एका सेकंदाच्या आत ब्रेक लागलाय, इतक्या लवकर माणसाचा हात पोचतच नाही. साहेबांनी काचेखालची ताकीद स्वतः काढून फाडली आणि माझं नाव शाबासकीसाठी पाठवलं. ढमीची आई आली होती. माझे दोन्ही हात धरून रडली. "तुमच्यामुळे माझी पोर वाचली," म्हणाली.

भिंगरी बरी आहे. तिला त्या दिवशी जरा ताप होता, घरीच होती. नशीब म्हणायचं.

तू काळजी करू नकोस.


गुरुवार, २ एप्रिल

पोरी,

कोणी गेलं नाही, एवढं आधी शिंपीणबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं.

मग पत्र पुन्हा वाचलं. बाईची सवय, दुसऱ्यांदा वाचते ते चूक शोधायला.

एका सेकंदाच्या आत हात पोचत नाही, असं तपासनीस म्हणतो. मग तुझा पोचला कसा? आधीपासून दांड्यावर होता म्हणूनच ना? आणि भिंगरीला ताप आला तो नेमका गुरुवारी. तुझ्या आजवरच्या एकाही पत्रात त्या पोरीला साधी शिंकसुद्धा आलेली नाही.

तू भागाकार केला होतास.

मी रागावलेली नाही. मला भीती वाटतेय, आणि या वेळी ती चाकांची नाही. मीही काय केलं? एक फोन केला आणि माणूस हसला हे कळूनही दुसरा केला नाही. पोलिसांना सांगता आलं असतं, शाळेला सांगता आलं असतं. पुन्हा तोंडघशी पडेन, म्हातारी चळली म्हणतील, म्हणून घरी येऊन गप्प बसले. तेव्हा तुला बोल लावायचा मला हक्क नाही. पण माझ्यापासून तरी लपवू नकोस. खरं काय ते लिही.

आत्या


सोमवार, ६ एप्रिल

आत्या,

हो.

बुधवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर केला. भिंगरी समोर चित्र काढत होती. सात पस्तीस आलं. वाटलं चुकलं असेल, पुन्हा केला. पुन्हा सात पस्तीस.

मग मी विचार केला, सकाळी रोपवे बंद ठेवला आणि काहीच झालं नाही, तर? झाकण उघडतील, टॉर्च मारतील, सगळे दात जागच्या जागी. मागच्या वेळी तुझं गणित चुकलं होतं. या वेळीही चुकलं असेल, असं मी स्वतःला पटवत होते. नोकरी गेली असती. सगळे पुन्हा हसले असते. खरं सांगू का, नोकरीपेक्षा मला त्या हसण्याचीच जास्त धास्ती होती.

आणि सकाळी मी भिंगरीच्या कपाळाला हात लावला आणि म्हटलं, "तुला कणकण आहे, आज घरीच झोप." तिचं कपाळ गार होतं.

गणित चुकलं असेल असं मला खरंच वाटत असतं तर मी तिला पाठवलं नसतं का? एवढा साधा प्रश्न. तो मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. आता दिवसभर दुसरं काही विचारत नाही.

त्या दिवशी पाळण्यांवर बसवायला माणूस कमी होता, म्हणून सात पंचवीसपर्यंत मीच फलाटावर होते. दुसऱ्यांची पोरं मी माझ्या हाताने आत बसवली. दारांच्या कड्या मी लावल्या. ढमीने विचारलं, "काकू, भिंगरी कुठाय?" मी म्हटलं, "ताप आहे गं," आणि तिच्या दाराची कडी नीट बसली की नाही ते दोनदा ओढून पाहिलं. मग वर मशीनरूममध्ये जाऊन ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवला आणि घड्याळ बघत उभी राहिले. सात अठ्ठावीसपासून. तेव्हाही दांडा ओढता आला असता. सात मिनिटं होती. मी फक्त हात ठेवला.

तडा दातात होता, पण पोरं दरीवर गेली ती माझ्यामुळे. ढमीचा हात मी मोडला.

चौकशी समितीचा कागद आलाय. दहा प्रश्न. नऊ तेलपाणी आणि तपासणीचे. सहावा आहे: बिघाडाची पूर्वकल्पना कोणास होती काय? साहेबांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, तिथे "नाही" लिहा. माझ्या कागदावर तर त्यांनी पेन्सिलीने आधीच लिहून दिलं होतं.

काल तो कागद समोर होता तेव्हा भिंगरी आली. म्हणाली, "आई, मला त्या दिवशी ताप नव्हता ना?" मी म्हटलं, नव्हता. ती समोरची खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "मग ढमीला का नाही सांगितलंस?" तिचा आवाज रागाचा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं म्हणून विचारत होती.

मी पेन्सिलीचं "नाही" खोडलं. पेनाने लिहिलं: होय, मला होती. दिवस आणि मिनिटासकट होती. साहेबांना निरोप मिळाला होता, तो त्यांनी दिला नाही. पण तो न मिळताही मला माहीत होतं, आणि माझी मुलगी त्या दिवशी पाळण्यात नव्हती ती त्यामुळेच. सोबत दोन्ही याद्या आणि तुझी चौदा आणि तेवीस तारखेची पत्रं जोडली आहेत. तुला न विचारता जोडली, माफ कर. तुलाही बोलावतील कदाचित. शिंपीणबाईंना बरोबर ने.

कागद आज टपालात टाकला. पेटीत टाकून झाल्यावर बराच वेळ हात आतच ठेवून उभी होते.

पण ढमीच्या आईला ते समितीकडून कळू द्यायचं नाही. ती रोज भेटली की हात धरते. उद्या सकाळी मी तिच्या घरी जाणार आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. जे बोलायचं ते मात्र दारातच बोलायला हवं, तिने पुन्हा माझे आभार मानायच्या आत.